काशीचा इतिहास बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काशीला जाणारी मराठी मंडळी बहुधा विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, गंगाआरती आणि जमलंच तर पुढे प्रयाग-अयोध्या असा बेत घेऊन निघतात. तो बेत मोडायची गरज नाही. त्यातच दोन-तीन दिवस वाढवून शहराचा इतिहास आणि संग्रहालयं बघायची असतील, तर जे प्रश्न हमखास पडतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून त्यांच्या तपशिलात फार शिरलेलो नाही.

काशी तीन हजार वर्षं जुनी म्हणतात. मग तिथली सगळ्यात जुनी इमारत कोणती?

या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. घाटावर उभं राहिलं की दिसणारे वाडे, पायऱ्या, शिखरं यातलं बहुतेक सगळं गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांतलं आहे. वेरूळ-कार्ले बघून आलेल्या माणसाला वयाच्या हिशेबाने घाट अगदीच अलीकडचे वाटतील. ११९४ मध्ये घोरीच्या फौजांनी शहर लुटलं, पुढे पाडापाडी होत राहिली, १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने विश्वनाथाचं देऊळ पाडलं गेलं. ते देऊळही फार जुनं नव्हतं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायणभट्टांनी तोडरमलाच्या पाठबळावर ते उभं केलं होतं. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले.

बऱ्यापैकी शाबूत असलेलं जुनं देऊळ बघायचंच असेल तर कंदवा गावातलं कर्दमेश्वर गाठा. गाहडवाल राजांच्या काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं. पंचक्रोशी यात्रेचा पहिला मुक्काम इथे असतो, एरवी गर्दी नसते. शेजारी मोठं तळं आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघत सावकाश प्रदक्षिणा घाला. हिंदू विश्वविद्यालयाच्या बाजूने रिक्षाने सहज जाता येतं, आणि तरीही बहुतेक सहलींच्या यादीत हे नाव नसतं, याचं नवल वाटतं.

मनाशी हिशेब असा धरा: शहर अतिप्राचीन आहे, त्याच्या जुन्या वस्तू जमिनीखाली आणि संग्रहालयांत आहेत, आणि डोळ्यांसमोर उभी असलेली काशी बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, त्यातही मोठा भाग मराठ्यांनी बांधलेला.

मग ती प्राचीन काशी दिसते तरी कुठे?

राजघाटावर, शहराच्या उत्तर टोकाला, वरुणा जिथे गंगेला मिळते त्याच्या अलीकडे. १९४० मध्ये काशी स्टेशनाजवळ रेल्वेच्या कामासाठी खोदाई सुरू होती, तेव्हा विटांची बांधकामं, मातीच्या मुद्रा, मृण्मूर्ती वर येऊ लागल्या. पुढे १९५७ पासून हिंदू विश्वविद्यालयाने इथे पद्धतशीर उत्खनन केलं. वस्तीचे सर्वांत खालचे थर इ. स. पू. ८०० च्या आसपास जातात.

आज तिथे गेलात तर गवताळ आवारात विटांच्या जुन्या भिंती दिसतील, आणि त्याच परिसरात लाल खानाचा मकबरा. हा लाल खान काशीनरेशांच्या पदरी होता. मकबरा १७७३ चा. पलीकडे १८८७ मध्ये खुला झालेला, तेव्हा डफरिन आणि आता मालवीय नावाने ओळखला जाणारा लोखंडी पूल. खरं सांगायचं तर नुसतं जाऊन उभं राहिलात तर पदरी फारसं पडणार नाही. इथे सापडलेल्या मूर्ती भारत कला भवनात आधी बघून घ्या आणि मग राजघाटावर या, म्हणजे ते विटांचे थर बोलू लागतात.

सारनाथला दोन तास पुरतात का?

सहलीच्या बसवाल्यांना पुरतात. तुम्ही अर्धा दिवस काढा. सारनाथ शहरापासून दहा-एक किलोमीटरवर आहे. बुद्धांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला ती ही जागा. सकाळी लवकर गेलात तर आधी उत्खननाचं आवार, मग संग्रहालय, असा क्रम ठेवा. उलट केलंत तर अशोकस्तंभाचं शीर्ष आधी दिसतं आणि त्याचा बुंधा नंतर, आणि बुंध्याकडे मग कुणी ढुंकून बघत नाही.

वाटेत आधी चौखंडी स्तूप लागतो. विटांचा ढिगारा आणि त्यावर अष्टकोनी बुरूज, असं विचित्र रूप आहे. खालचा भाग गुप्तकाळातला स्तूप आणि वरचा बुरूज १५८८ मधला: हुमायून कधीकाळी इथे येऊन गेला म्हणून तोडरमलाच्या मुलाने, गोवर्धनाने तो बांधला. गाडी थांबवून दहा मिनिटं द्यावीत इतपत.

मुख्य आवारात धमेक स्तूप लांबूनच दिसतो. तळाशी २८.५ मीटर व्यास आणि पायासकट ४३.६ मीटर उंची. सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात आणि निघतात. खालच्या दगडी पट्ट्यावरची वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी जवळून बघा, गुप्तकाळातल्या कारागिरांचा हात काय होता ते कळतं.

त्याच्याहून मोठी गोष्ट सांगते ती धर्मराजिका स्तूपाची नुसती उरलेली गोल बैठक. १७९४ मध्ये काशीनरेश चेतसिंहाचे दिवाण जगतसिंह यांच्या माणसांनी जगतगंज पेठ बांधायला विटा हव्यात म्हणून हा स्तूप पाडला. आत दगडी पेटीत हिरव्या संगमरवराचा करंडक आणि त्यात अस्थी निघाल्या. अस्थी गंगेत सोडल्या. कंपनीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने या प्रकाराची नोंद केली आणि विद्वानांचं लक्ष सारनाथकडे वळलं. पुढे इंग्रज पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने १८३५ च्या सुमारास इथे खोदकाम केलं. तो गेल्यावर मागे राहिलेल्या मूर्तींपैकी कित्येक वरुणेवरच्या पुलाच्या भरावात गेल्या. तेव्हा पाडणारे नेहमी बाहेरून आलेलेच असतात या समजुतीला सारनाथ जरा धक्का देतं.

अशोकस्तंभाचा मोडका बुंधा मूळ जागीच आहे, जाळीच्या आड. त्यावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खूला किंवा भिक्खुणीला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर राहायला लावावं, असा अशोकाचा हुकूम त्यात आहे. चक्रवर्ती राजालाही संस्थेतली भांडणं चुकली नव्हती.

सारनाथ संग्रहालयात नेमकं काय बघायचं?

भारतीय पुरातत्त्व खात्याचं हे सर्वांत जुनं स्थळ-संग्रहालय. इमारत १९१० मध्ये पूर्ण झाली. आकाराने आटोपशीर आहे, दीड तासात नीट बघून होतं. पाट्या इंग्रजी-हिंदीत आहेत.

आत शिरताच समोर सिंहशीर्ष. फ्रेडरिक ओर्टेल याने १९०४-०५ च्या हंगामात इथे उत्खनन केलं, त्यात हे सापडलं. नोटेवर, नाण्यावर, पासपोर्टवर आयुष्यभर बघितलेली गोष्ट प्रत्यक्षात साधारण सात फूट उंच असते आणि तिची झिलई सव्वादोन हजार वर्षांनंतरही टिकून आहे, हे समोर उभं राहिल्यावरच पटतं. घाई करू नका, भोवती फिरा. राजमुद्रेत तीन सिंह दिसतात, इथे चौथा दिसतो. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, आणि त्यांच्या मधे चक्रं आहेत. त्याखाली उलट्या कमळाची घंटाकृती आहे, जी २६ जानेवारी १९५० ला राजमुद्रा स्वीकारताना वगळली गेली. आणि मुळात चारही सिंहांच्या डोक्यावर ३२ आऱ्यांचं मोठं धर्मचक्र होतं. त्याचे सापडलेले तुकडे संग्रहालयातच आहेत. ते शोधा, बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

दुसरी मूर्ती धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतल्या बुद्धाची, पाचव्या शतकातली. खाली चक्र, दोन हरणं आणि पाच शिष्य. कडेला एक बाई आणि मूल, बहुधा मूर्ती घडवून घेणारी दाती. फोटो इतके बघितलेले असतात की वाटतं, आता नवं काय असणार. पण त्या दगडावरचा मऊपणा फोटोत येत नाही.

हिच्या शेजारी तुलनेसाठी एक मूर्ती बघाच: मथुरेच्या लाल दगडातला भव्य बोधिसत्त्व. कनिष्काच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी भिक्खू बल याने तो उभारला. पाय रोवून, छाती काढून उभा आहे, पैलवानच. याच्यापासून त्या शांत बसलेल्या बुद्धापर्यंत शिल्पकार तीन-चारशे वर्षांत कसे पोचले, याचा विचार करत पाच मिनिटं दोन्हींच्या मधे फेऱ्या मारल्या तरी पैसे वसूल. अंधकासुराचा वध करणाऱ्या शिवाची एक प्रचंड अर्धवट मूर्तीही इथे आहे. छिन्नीच्या खुणा तशाच आहेत, म्हणून ती मला पूर्ण झालेल्या कित्येक मूर्तींपेक्षा आवडते.

सारनाथ संग्रहालय कधी बंद असतं?

शुक्रवारी. उत्खननाचं आवार मात्र शुक्रवारीही उघडं असतं, त्यामुळे रिक्षावाला "सब खुला है" म्हणतो ते अर्धं खरं असतं.

हिंदू विश्वविद्यालयातलं भारत कला भवन बघण्यासारखं आहे का? कुणी फारसं नाव घेत नाही.

आहे, आणि नाव घेत नाहीत हेच त्याचं भाग्य. दालनं शांत असतात. राय कृष्णदासांनी १९२० मध्ये हा संग्रह सुरू केला, रवींद्रनाथ टागोर त्याचे पहिले मानद अध्यक्ष होते, आणि १९५० मध्ये संग्रह विश्वविद्यालयाकडे आला. लघुचित्रांसाठी देशातल्या उत्तम संग्रहांत याची गणना होते. गोवर्धन उचललेल्या कृष्णाची गुप्तकालीन मूर्ती इथली, रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांच्या हिमालयाच्या चित्रांचं दालन इथलं, आणि काशीत कित्येक वर्षं राहिलेल्या स्विस कलावंत ॲलिस बोनर यांचंही दालन आहे.

इतिहास शोधणाऱ्याने मात्र आधी राजघाटच्या मृण्मूर्तींकडे जावं. तळहाताएवढी मातीची मुंडकी, पण केसांच्या किती तऱ्हा! बटा, कुरळे, मधोमध भांग पाडलेले, वर बांधलेले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या बनारसी लोकांना नटायची हौस होती, एवढं नक्की.

रविवारी आणि विद्यापीठाच्या सुट्यांना बंद असतं. उन्हाळ्यात वेळ सकाळची होते. विद्यापीठाचं आवार अफाट आहे, सिंहद्वारापासून चालत जाण्याचा हट्ट धरू नका.

घाटांवर मराठी खुणा कुठे कुठे आहेत?

जवळजवळ सगळीकडे. सकाळी अस्सी घाटावरून नाव ठरवा आणि पंचगंगा घाटापर्यंत जा. घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं आणि दगडांवरचं काम स्पष्ट दिसतं. नाववाल्याला आधीच सांगा की दशाश्वमेधला परत फिरायचं नाही, नाहीतर तो तेवढंच दाखवतो.

अस्सीच्या लगत भदैनी. मोरोपंत तांबे इथे चिमाजीअप्पांच्या, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांच्या भावाच्या पदरी होते आणि त्यांची मुलगी मनकर्णिका, पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, इथे जन्मली. जागेवर आता स्मारक आहे. नावेतून दिसत नाही, नाव धरण्याआधी चालत जाऊन या.

पुढे चेतसिंह किल्ला. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजाला इथे कैद केलं, तेव्हा फेट्यांचा दोर करून तो खिडकीतून नदीकडे उतरला आणि निसटला. नंतर राजा घाट. हा अमृतराव पेशव्यांचा. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर या भागात येऊन राहिले आणि दानधर्मात उरलेलं आयुष्य काढलं.

मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. त्याच्या शेजारचा देखणा महाल आज दरभंग्याच्या नावाने ओळखला जातो. मग अहिल्याबाई घाट आणि त्याला लागून दशाश्वमेध, जिथला पक्का घाट नानासाहेब पेशव्यांनी १७४८ मध्ये बांधला असं सांगतात.

मणिकर्णिकेपुढे शिंदे घाट. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी तो १८३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि दगडांच्या भाराने खचला. तिथे जवळच पाण्यात कललेलं रत्नेश्वराचं देऊळ दिसतं. नाववाले त्याची "मातृऋणाची" गोष्ट रंगवून सांगतात. गोष्ट छान आहे, ऐकून घ्या, पण इतिहास म्हणून वहीत उतरवू नका. थोड्या अंतरावर नागपूरकरांचा भोसले घाट, त्यावर लक्ष्मीनारायणाचं देऊळ.

पंचगंगा घाटावर नाव सोडा आणि पायऱ्या चढा. वर आलमगीर मशीद आहे. इथे बिंदुमाधवाचं मोठं देऊळ होतं, ते औरंगजेबाच्या काळात पाडून मशीद झाली. तिचे उंच मिनार शहराची खूण होते. एकोणिसाव्या शतकात टाकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने ते दुरुस्त केले. हाच प्रिन्सेप पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा. १९४८ मध्ये एक मिनार कोसळला आणि दुसरा उतरवला गेला, त्यामुळे जुन्या चित्रांत दिसणारे मिनार शोधत बसू नका. बिंदुमाधवाचं आजचं देऊळ शेजारीच, वाड्यासारख्या घरात आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. मूर्तीसमोर पाच मिनिटं बसायला मिळतं, जे विश्वनाथाला मिळत नाही.

याच्यापुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट, म्हणजे काशीतली जुनी मराठी वस्ती. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर इथे येऊन राहिले आणि त्यांच्यामागे घरंच्या घरं आली. त्या गल्ल्यांत दारांवरची आडनावं वाचत चाला. घरात मराठी आणि दारात बनारसी बोलणारी कुटुंबं अजून आहेत. कुणी आत बोलावलंच तर जा, पण त्यांची घरं प्रेक्षणीय स्थळ समजून आत कॅमेरा रोखू नका.

मराठे काशीत एवढे का बांधत होते? काशी त्यांच्या ताब्यात होती का?

नव्हती. पेशव्यांना ती हवी होती, बरीच बोलणी झाली, पण मिळाली नाही. अवधचे नवाब आणि नंतर कंपनी, अशी सत्ता राहिली. तरी ये-जा कायम होती. बाजीरावांच्या आई राधाबाई १७३५ मध्ये यात्रेला निघाल्या तेव्हा वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांची सरबराई केली होती. एकनाथांनी आपली भागवतावरची टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीतच पुरी केली. राज्य नसलेल्या ठिकाणी पैसा ओतायचा तर घाट, देऊळ, अन्नछत्र हेच मार्ग उरतात. अन्नपूर्णेचं देऊळ पहिल्या बाजीरावाच्या काळातलं, विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं. कळसावरचं सोनं मात्र महाराजा रणजितसिंहांचं.

विश्वनाथ धामात इतिहासाच्या दृष्टीने काय उरलं आहे?

डिसेंबर २०२१ मध्ये नवा परिसर खुला झाला आणि गंगेपासून देवळापर्यंत सरळ रुंद वाट झाली. गल्लीबोळांतून अचानक देवळासमोर येण्याचा जुना अनुभव संपला. वयस्कर माणसांची सोय झाली हेही तितकंच खरं. त्या जुन्या गल्ल्यांची मला चुटपुट आहे. तुम्ही पहिल्यांदाच जात असाल तर तुम्हाला नसेल. अहिल्याबाईंचा पुतळा आवारात आहे. मूळ देऊळ आकाराने लहान आहे, ते बघून आश्चर्य वाटून घेऊ नका. फोन आत नेता येत नाही, तो खोलीवर ठेवून जाणं सर्वांत सोपं.

शेजारच्या ज्ञानवापीचा वाद न्यायालयात आहे आणि बंदोबस्त कडक असतो. तिकडे बघत थांबणं, बोटं दाखवून चर्चा करणं टाळा.

मान महालातली वेधशाळा म्हणजे जयपूरच्या जंतरमंतरसारखीच का?

त्याच माणसाची, पण लहान आणि गच्चीवर. आमेरच्या राजा मानसिंहाने १६०० च्या सुमारास घाटावर महाल बांधला, आणि त्याच्या वंशातल्या सवाई जयसिंहाने १७३७ च्या आसपास गच्चीवर यंत्रं उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा त्याच्या पाच वेधशाळा. मथुरेची नामशेष झाली. सम्राट यंत्र, नाडीवलय, चक्रयंत्र इथे बघायला मिळतात. माहितगार बरोबर नसेल तर ही नुसती दगडी बांधकामं वाटतात, म्हणून उन्हाच्या वेळी जा आणि सम्राट यंत्रावरची सावली घड्याळाशी ताडून बघा. फरक पडेल, कारण यंत्र स्थानिक वेळ दाखवतं आणि आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळ.

खालच्या मजल्यांवर २०१९ मध्ये पडद्यांवर आणि दृक्‌श्राव्य देखाव्यांतून काशी दाखवणारं संग्रहालय सुरू झालं आहे. मुलांना आवडतं. मोठ्यांनी वेळ असेल तर बघावं.

रामनगरचा किल्ला आणि त्यातलं संग्रहालय?

किल्ला गंगेच्या पलीकडे, राजा बलवंतसिंहांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला, आणि काशीनरेशांचं घराणं आजही तिथे राहतं. संग्रहालयात जुन्या मोटारी, मेणे, हौदे, हस्तिदंती वस्तू, शस्त्रं आणि तिथी-नक्षत्रं दाखवणारं एकोणिसाव्या शतकातलं एक अजब घड्याळ आहे. मांडणी जुनाट, धूळ भरपूर, पाट्या अपुऱ्या. सारनाथ बघून इथे आलात तर खट्टू व्हाल. नदीकडच्या बाजूचं दृश्य आणि ते घड्याळ, एवढ्यासाठी जावं.

आश्विनात गेलात तर गोष्टच वेगळी. रामनगरची रामलीला महिनाभर चालते, प्रसंगाप्रमाणे गावभर जागा बदलते, ध्वनिक्षेपक नसतो, आणि प्रेक्षक पात्रांच्या मागे चालत जातात. त्यापुढे संग्रहालय विसरा. लालबहादूर शास्त्रींचं वडिलोपार्जित घरही रामनगरमध्येच आहे, आता संग्रहालय केलेलं. दोन-चार लहान खोल्या, चूल, साधी भांडी. अर्ध्या तासाचं काम, पण किल्ल्याच्या लगोलग बघितलं की फार परिणाम करतं.

मुलं बरोबर आहेत. देवळं आणि मूर्ती बघून कंटाळतात.

भारतमाता मंदिरात न्या. काशी विद्यापीठाच्या आवारात आहे, स्टेशनापासून जवळ. आत देव नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे, डोंगर-दऱ्यांसकट. सह्याद्री शोधायला लावा, मुलं रमतात. बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी हे मंदिर बांधलं आणि १९३६ मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. गुप्तांना ही कल्पना पुण्यात सुचली: महर्षी कर्व्यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला मातीचा नकाशा त्यांनी पाहिला होता.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना झेपेल का?

सारनाथ, कला भवन, भारतमाता मंदिर सहज झेपतं. जमीन सपाट आहे. घाट त्यांना नावेतूनच दाखवा. पायऱ्या उंच, उतरत्या आणि जागोजागी शेवाळलेल्या असतात. पंचगंगेची चढण गुडघे दुखणाऱ्याने टाळावी. मान महालाच्या गच्चीवर जायलाही जिने आहेत.

गाईड घ्यावा का?

सारनाथला पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला घ्या, पैसे आधी ठरवा. घाटांवर आपणहून चिकटणारा "गाईड" बहुतेक वेळा शेवटी साडीच्या दुकानात पोचतो. मणिकर्णिकेवर "गरिबांच्या सरणाच्या लाकडांसाठी दान द्या" म्हणत मागे लागणारे भेटतील. नम्रपणे हात जोडून पुढे चालत राहा, वाद घालू नका. तिथे फोटो काढू नका, नावेतूनही नाही. कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.

किती दिवस आणि कोणता महिना?

दर्शनाचा दिवस सोडून तीन दिवस. पहिला सारनाथ. दुसरा सकाळी नाव आणि ब्रह्मा घाटापर्यंतच्या गल्ल्या, दुपारी मान महाल. तिसरा कला भवन, कर्दमेश्वर आणि वेळ उरला तर राजघाट किंवा रामनगर. दोन्ही एका दुपारी कोंबू नका, शहराची दोन टोकं आहेत.

नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्चची सुरुवात उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं असतं की गाड्या आणि विमानं तासन्‌तास रखडतात, पण मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची थंडीतली मिठाई, खायला मिळतं ते त्याच दिवसांत. मे-जूनमध्ये ऊन भाजून काढतं. जुलै ते सप्टेंबर पुरात घाट बुडतात, नावा बंद होतात. ज्यांना घाटांचाच इतिहास बघायचा आहे त्यांनी तेव्हा जाऊ नये. देवदिवाळीला (काशीत ती कार्तिक पौर्णिमेला असते) दृश्य अपूर्व आणि गर्दी अफाट.

मुंबई-पुण्याहून कसं जायचं?

मुंबईहून महानगरी एक्सप्रेस, कामायनी, पुण्याहून ज्ञानगंगा. साधारण एक दिवस-रात्र धरून चाला. तिकीट काढताना स्टेशन नीट बघा: वाराणसी जंक्शन, जिला सगळे कँट म्हणतात, आणि बनारस, म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह, ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून पंचवीस-एक किलोमीटर.

सारनाथचा स्तंभ चुनारच्या दगडाचा म्हणतात. चुनारला जाऊन येण्यात अर्थ आहे का?

एक दिवस हातात असेल तर नक्की. अशोकाचे स्तंभ याच भागातल्या वालुकाश्माचे, आणि काशीचे घाटही बरेचसे त्याच दगडाचे. चुनार वाराणसीपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, गंगेला चिकटून आहे. किल्ल्यासाठी शेरशाह आणि हुमायून झगडले, आणि १७८१ मध्ये चेतसिंहाच्या लोकांनी पळवून लावल्यावर हेस्टिंग्जने आसरा घेतला तो इथेच. तटावरून नदीचं वळण फार सुंदर दिसतं. गावात चिनी मातीच्या वस्तूंची दुकानं आहेत. बरण्या घेणार असाल तर वर्तमानपत्रात गुंडाळून मागा, पिशवीत मोकळ्या ठेवल्या तर ज्ञानगंगेने घरी येईपर्यंत कान तुटतात.